झाकणाचा कप आणि तिसरं प्रकरण

मी गणिताची शिक्षिका. निवृत्त झाले तरी सवय सुटलेली नाही. समोरचा माणूस बोलायला लागला की मी मनातल्या मनात त्याच्या पायऱ्या तपासते, आणि मधली एखादी पायरी गाळलेली दिसली की मला गप्प बसवत नाही. त्यामुळे घरात माझ्या वाटेला कुणी जात नाही. थोरला भाऊ, आमचा दादा, मी तोंड उघडलं की वर्तमानपत्र उघडतो. अशा खाष्ट नणंदेनं भावजयीबद्दल चार चांगले शब्द लिहायला बसावं, हे आमच्या नात्यागोत्यात कुणाला खरं वाटायचं नाही. न वाटो. वहिनींनी जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि ते आठवलं की आजही मी थक्क होते.

वहिनी मनोरुग्णालयात सिस्टर. सगळी नोकरी वॉर्डात गेली. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांची एक सवय मला खटकायची. कपाटाच्या किल्ल्या हातात घेतल्या की त्या मूठ घट्ट मिटायच्या. मला वाटलं, बाई माझ्यापासून किल्ल्या लपवते. मी दोन महिने धुसफुसत होते, मग एकदा स्पष्टच विचारलं. तर म्हणाल्या, "अहो वन्सं, वॉर्डात किल्ल्या वाजल्या की काहीजण दचकतात. त्यांना वाटतं, कोणीतरी बंद करायला आलं. म्हणून मुठीत धरायची सवय लागली." माझं तोंडच बंद झालं. वहिनींच्या बाबतीत ते पुढेही बऱ्याचदा झालं, तेव्हा त्याची सवय लावून घ्यावी लागली.

त्यांच्या वॉर्डात एक शिंपी होता. बरा होऊन घरी गेला होता, दर महिन्याला गोळ्या न्यायला यायचा. जुन्या गोळीवर त्याचं छान चाललं होतं; मशीनवर बसायचा, काजं करायचा. मग नवी गोळी आली. मोठ्या डॉक्टरांनी ती सुरू केली आणि काही दिवसांत शिंप्याचे हात थरथरायला लागले. सुईत दोरा जाईना. त्यानं वहिनींना विचारलं, "सिस्टर, माझं बरं चाललं होतं. मग माझी गोळी का बदलली?"

साधा प्रश्न. वहिनी म्हणाल्या, "डॉक्टरांना विचारून सांगते." डॉक्टर म्हणाले, नवी गोळी जास्त चांगली आहे. गोळी पुन्हा बदलली गेली, पण तोवर शिंप्याचं गिऱ्हाईक गेलं होतं. वहिनींना ते उत्तर घशाखाली उतरलं नाही. मोठे डॉक्टर भला माणूस. रोग्याचा हात हातात घेऊन तासभर बसणारा. पण नव्या गोळीच्या कंपनीसाठी ते गावोगावी भाषणं देत, कंपनी त्यांना परिषदांना पाठवत असे. हे कुणापासून लपलेलं नव्हतं, आणि यात काही वावगं आहे असंही कुणाला वाटत नव्हतं.

त्या प्रश्नापायी वहिनींनी केस पिकल्यावर विद्यापीठात पीएच.डी.ला नाव घातलं. विषय: मानसोपचारातला हितसंबंधांचा संघर्ष. म्हणजे डॉक्टरचं एक हित रोग्यापाशी आणि दुसरं कंपनीपाशी असलं की लेखणी कोणाकडे झुकते. नर्सिंग कॉलेजात शिकवण्याची एक जागा रिकामी होणार होती. वहिनींची निवृत्ती जवळ आली होती. त्याआधी पदवी हाती पडली तर ती जागा त्यांची, नाहीतर दुसऱ्या कुणाची. नव्या मुलींना शिकवायचं, एवढी एकच हाव मी त्या बाईत पाहिली. दादानं खोलीतलं आपलं टेबल त्यांना दिलं आणि स्वतः कोचावर पाय पसरले. त्यागाची ही एक जागा त्याला फारच मानवली.

सगळं अडलं ते तिसऱ्या प्रकरणावर. प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात म्हणे आपलं तत्त्वज्ञान लिहायचं असतं. खरं काय असतं, आणि ते आपल्याला कसं कळतं, यावर आपण काय मानतो ते. आणि तयार असलेल्या दोन-चार प्रकारांतून एक निवडायचं.

मी म्हटलं, "तत्त्वज्ञान निवडायचं म्हणजे काय पडद्याचं कापड आहे का? आधी डॉक्टर लाच घेतात का ते शोधा, जग खरं आहे का ते नंतर बघू."

"लाच नाही हो," वहिनी म्हणाल्या. "तेच तर अवघड आहे. लाच खाणाऱ्याला माहीत असतं की आपण लाच खातोय."

माझं मत अर्थातच मोजण्याच्या बाजूनं होतं. जे मोजता येतं ते खरं, बाकीच्या गप्पा. वहिनींनी मोजलंही. कंपनीच्या जेवणांना जाणारे डॉक्टर नवी गोळी जास्त लिहितात, हे आकड्यांत स्वच्छ दिसलं. मी टेबलावर थाप मारली. "झालं सिद्ध! घ्या पदवी!"

"काय सिद्ध झालं, वन्सं? जेवायला गेले म्हणून गोळी आवडली, की गोळी आवडत होती म्हणून जेवायला गेले?"

दादा वर्तमानपत्रामागून खुदकन हसला. मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं पान उलटलं. पण खोटं कशाला बोलू, आयुष्यभर वर्गात मी हेच सांगत आले होते: दोन रेघा बरोबर चालल्या म्हणून एक दुसरीला ओढते असं होत नाही.

मग वहिनी ऐकायला निघाल्या. डॉक्टरांच्या मुलाखती. त्यांची गाईड, जिला आम्ही घरात गाईडबाई म्हणायचो, हिचा जीव याच पद्धतीवर. तिचं म्हणणं, माणूस आपल्या जगण्याचा जो अर्थ लावतो तेच त्याचं सत्य. बाहेरून मोजपट्टी लावणारे आपण कोण? वहिनींना हे मानवण्यासारखंच होतं. कुणाला भिंतीतून आवाज येत असतील तर त्याला 'आवाज नाहीतच' म्हणून उडवून लावायचं नाही, हे त्यांनी उभा जन्म पाळलं होतं.

मुलाखती यंत्रावर ध्वनिमुद्रित केलेल्या; त्यांचं टायपिंग माझ्याकडे आलं. नावं काढून टाकलेली, आणि ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही अशी अट. मला गप्प बसण्याची अट! पण मी पाळली. आता जे लिहिते आहे ते सगळं पुढे प्रबंधातच छापलं गेलं, तेव्हा अट मोडलेली नाही. तर त्या मुलाखती ऐकून मी हसून हसून बेजार झाले. प्रत्येक डॉक्टर तेच सांगत होता. "कंपनीनं दिलेल्या पेनाचा काय संबंध? एका पेनासाठी मी गोळी लिहीन का? हां, काहीजण वाहवत जातात. पण मी नाही." दुसराही म्हणे, काहीजण, पण मी नाही. तिसराही. सगळ्यांची बोटं शेजाऱ्याकडे. बेरीज केली तर वाहवत जाणारे पुष्कळ, आणि प्रत्यक्षात एकही सापडेना.

"आणि खोटं कुणीच बोलत नाही," वहिनी म्हणाल्या. "आवाज ऐका ना. मनापासून सांगतायत."

गाईडबाई खूश. म्हणाली, लिहा मग, डॉक्टरांच्या अनुभवात दबाव नाही. त्यांच्या जगात दबाव नाही. वहिनी तो मसुदा घेऊन घरी आल्या, चहा पुढ्यात ठेवून बसल्या, आणि चहावर साय धरली तरी हलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "मग शिंप्याचे हात कुणाच्या जगात थरथरत होते?"

मोजलं तर 'का' कळत नव्हतं, आणि ऐकलं तर काही घडलेलंच नव्हतं. बाई दोन्हींच्या मध्ये अडकली आणि तारीख जवळ येत चालली. मी त्यांना बजावलं, "वहिनी, कुठलंही एक निवडा आणि मोकळ्या व्हा. कॉलेजातली जागा तुमच्यासाठी थांबणार नाही."

आता त्या कपांचं सांगते. वॉर्डातल्या डॉक्टरांचा चहा नेहमी निवतो. राउंडवरून येईपर्यंत त्याचं सरबत होतं. म्हणून मुलाखतीला जाताना वहिनी प्रत्येकाला एक झाकणाचा कप न्यायच्या. आपल्यासाठी वेळ काढतात, तर रिकाम्या हातानं कसं जायचं? रंग मी निवडला, निळसर राखाडी. कागदात गुंडाळायचं कामही माझंच. पुढे दुकानातले कप संपले, तसले पुन्हा आले नाहीत, आणि उरलेल्या डॉक्टरांना नुसते आभार मिळाले. यात आम्हा दोघींना काही म्हणजे काही वाटलं नाही. कंपनीच्या पेनांवर संशोधन करणारी बाई आणि तिची हिशेबी नणंद, दोघी मिळून डॉक्टरांना कप वाटत होतो!

एका दुपारी वहिनी म्हणाल्या, सगळ्यांना विचारलेला एक प्रश्न मला सलग ऐकायचा आहे. प्रश्न असा: ज्या कंपनीकडून तुम्ही मानधन घेता तिचीच गोळी जास्त लिहिता, याचं काय? मी एकेक मुलाखत पुढेमागे करून लावत गेले. शेवटच्या, कप न मिळालेल्या डॉक्टरांना वहिनींनी तो प्रश्न सरळ विचारला होता, थेट, वॉर्डात ताप विचारावा तसा. मग मी आधीच्या लावल्या. "अरे वा, कप! कशाला आणलात सिस्टर!" मग हसणं. मग वहिनींचा आवाज, पण हा आवाज वेगळाच, लाडिक म्हणावा असा: "तुमच्या बाबतीत नाही म्हणत हं मी, पण लोक म्हणतात म्हणून विचारते..." पुढच्या मुलाखतीत तसंच. त्याच्या पुढच्या मुलाखतीत तर प्रश्नच नाही.

वहिनींनी हात पुढे करून यंत्र बंद केलं. "वन्सं, मी यांना विचारलंच नाही."

"वेळ पुरला नसेल," मी म्हटलं. "कपाचा काय संबंध?"

बोलून गेले, आणि मग माझं मलाच ऐकू आलं. तेच शब्द होते. आठवडेच्या आठवडे डॉक्टरांच्या तोंडून मी तेच टाइप केले होते आणि हसले होते.

वहिनींनी यंत्र बाजूला सारलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "मला काहीच जाणवलं नव्हतं हो. कुणी विचारलं असतं तर शपथेवर सांगितलं असतं की मी सगळ्यांना सारखंच विचारलं. घेणाऱ्यांना कळलं नाही. देणारी मी, मलाही कळलं नाही. आणि तरी ते होत होतं. आमच्या कळण्यावाचून त्याचं काही अडलं नव्हतं."

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण त्या दुपारी लख्ख उन्हात, आमच्याच जेवणाच्या टेबलावर, कुणालाही न दिसणारं काहीतरी आमच्या मध्ये येऊन बसलं आहे असं मला वाटलं. मोजणाऱ्याला ते सापडत नव्हतं, सांगणाऱ्याला ते जाणवत नव्हतं, आणि शिंप्याच्या बोटांपर्यंत त्याचा हात पोचत होता.

असं मानणारंही एक तत्त्वज्ञान आहे म्हणे: चिकित्सक वास्तववाद. दिसणाऱ्याच्या खाली काहीतरी खरोखर चाललेलं असतं, आपल्याला कळो वा न कळो, आणि माणसाचं कळणं नेहमी अपुरं असतं, आपलंसुद्धा. वहिनींनी त्यावर पूर्वीच टिपणं काढली होती आणि बाजूला सारली होती. आता त्यांनी ठरवलं, हेच.

"पण मग कपही लिहावा लागेल," त्या म्हणाल्या.

मी उसळलेच. "तुम्हाला वेड लागलंय का? कुणाला माहीत आहे? एका कपापायी कुणी हातातोंडाशी आलेला घास सोडतं का?" गाईडबाईनं तर कपाळाला हात लावला. तिचा सल्ला, तळटीपेत एक ओळ टाका, कुणी वाचत नाही. वहिनींनी दोघींचं शांतपणे ऐकून घेतलं. वॉर्डात आरडाओरडा करणाऱ्यांचं घ्यावं तसं.

मग त्या म्हणाल्या, मोठ्या डॉक्टरांना पुन्हा भेटायचं, या वेळी कप न नेता. आणि मला बरोबर घेतलं. "माझ्या आवाजाचा मला भरवसा राहिलेला नाही. मी मऊ पडले की तुम्ही खोकायचं." नणंदेला भावजयीच्या चुकीवर खोकायचं अधिकृत काम! मी खडीसाखरेचा खडा तोंडात धरून तयारीत बसले.

मोठ्या डॉक्टरांची खोली लहानशी. टेबलावर आमचाच कप, झाकणासकट. वहिनींनी आधी त्या कपाची हकिकत सांगितली. डॉक्टर मोकळेपणानं हसले. "सिस्टर, तुम्ही फार मनाला लावून घेता. दमलेल्या दिसताय. आधी चहा घ्या बरं." वहिनींच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला, त्या "अहो, तुम्हीच किती..." असं काहीतरी म्हणायला लागल्या, आणि मी खोकले. जरा जास्तच खोकले. डॉक्टर तातडीनं उठले, मला पाणी दिलं, घसा बघू का म्हणाले. इतका भला माणूस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण वहिनी सावरल्या होत्या. त्यांनी विचारलं, "आपल्या शिंप्याची गोळी का बदलली होती, डॉक्टर?"

डॉक्टरांना शिंपी आठवत होता. त्याची बोटंसुद्धा आठवत होती. त्यांचा चेहरा उतरला. "वाईट झालं ते. पण नवी गोळी चांगली आहे असं मी वाचलं होतं."

"कुठे?"

ते आठवत राहिले. खरंच आठवत होते, टाळत नव्हते. "कुठल्याशा परिषदेत असेल... कंपनीच्या असेल. पण सिस्टर, त्याचा काय संबंध?"

वहिनींनी मान हलवली, आभार मानले आणि आम्ही निघालो. बाहेर व्हरांड्यात त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "यांना लबाड म्हणता आलं असतं तर किती सोपं होतं."

त्या आठवड्यात त्यांनी तिसरं प्रकरण नव्यानं लिहिलं. कप, त्याचा रंग, झाकण, लाडिक आवाज, न विचारलेले प्रश्न, 'टंकलेखन करणाऱ्या नातलग व्यक्तीनं' काढलेले उद्गार आणि तिचा खोकलासुद्धा. अशी मी विद्यापीठात पोचले. मोठ्या डॉक्टरांना त्यांनी तो मजकूर आधी दाखवला. ते म्हणाले, छापा, मला पटत नाही, पण तुम्ही खरं लिहिलंय.

तोंडी परीक्षेला मी आणि दादा मागच्या बाकावर बसलो. बाहेरगावचे परीक्षक म्हणजे विद्वान म्हातारा. आवाज खणखणीत, कपडे कडक इस्त्रीचे. शेजारी गाईडबाई हसतमुख. परीक्षकांनी तिसरं प्रकरण उघडलं.

"हे तुम्ही लिहिलं नसतं तर मला कळलं असतं का?"

"नाही, सर."

"या कबुलीमुळे तुमच्या निम्म्या मुलाखती बाद होतात, हे कळतंय ना? त्या पुन्हा घ्याव्या लागतील. पदवी लांबेल."

"हो, सर."

"मग लिहिलंत कशासाठी?"

वहिनी उभ्या होत्या. हात कडेला, मूठ मिटलेली. म्हणाल्या, "सर, डॉक्टरांना न कळत काहीतरी वाकवतं, असं मी म्हणते. मला मात्र वाकवत नाही, असं म्हटलं तर मी त्यांच्याच रांगेतली एक झाले. मग हे तत्त्वज्ञान मी निवडलं असं होत नाही, नुसतं त्याचं नाव लिहिलं असं होतं."

म्हातारा प्रबंधाकडे बघत राहिला. पान उलटलं, परत उलटलं. चष्मा काढला. मग कुणाकडेच न बघता म्हणाला, "एक नोंद करून घ्या. यांच्या मार्गदर्शक माझ्या विद्यार्थिनी आहेत. काल रात्री मी त्यांच्याच घरी जेवलो. या खोलीत येताना मी प्रबंध मंजूर करायचं ठरवूनच आलो होतो." गाईडबाईचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "मला ते आत्तापर्यंत जाणवलं नव्हतं. मी यांचा परीक्षक राहू शकत नाही. दुसरा नेमा."

ते उठले. वहिनींसमोर येऊन थांबले आणि त्या वयाच्या, त्या मानाच्या माणसानं हात जोडले. मग आपली पिशवी उचलून निघून गेले.

झालं. परीक्षा रद्द. नवा परीक्षक येणार, मुलाखती पुन्हा होणार, त्यात वर्ष जाणार. कॉलेजातली जागा त्या महिन्यातच भरायची होती, ती गेली. मदतीचा म्हणावा असा एकच परीक्षक होता, तोही बाईनं आपल्या खरेपणानं घालवला. दादा रिक्षा बघायला रस्त्यावर गेला. मी पायऱ्यांवर वहिनींपाशी बसले आणि माझा संताप उफाळून आला. विद्यापीठाला बोलले, गाईडबाईला बोलले, म्हाताऱ्यालाही सोडलं नाही. "इतकी वर्षं घातलीत, वहिनी! काय मिळालं शेवटी?"

वहिनी रडत होत्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की हे रडणं दुःखाचं नाही. चेहरा लख्ख उजळला होता.

"सगळे शेजाऱ्याकडे बोट दाखवत होते हो, वन्सं," त्या म्हणाल्या. "एकानं आज स्वतःकडे दाखवलं. मी तर त्यांना विचारलंही नव्हतं."